न बोलावता येणारा सोयरा



एरवी मी आपल्याशी बोलतो ते उसाच्या खोडकिडीविषयी, डाळिंबाच्या तेल्याविषयी, नाहीतर माती परीक्षणाविषयी. आज त्यातले काही नाही. आज एका माणसाविषयी सांगायचे आहे. आपल्या प्रत्येक घराला कधी ना कधी त्यांच्याकडे जावे लागते, आणि तरीही घरात त्यांचे नाव कोणी काढत नाही. भिगवणला ते मयतीचे सामान विकतात. मी त्यांना आबा म्हणतो. त्यांनी मला बजावून ठेवले आहे, "साहेब, लिहायचं तर लिहा, पण माझं नाव नका घालू. लोकांना सकाळी सकाळी नको ते आठवतं." तेव्हा आबा एवढेच.

भिगवण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, इंदापूर तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. उजनीच्या पाण्याची मासळी येथे लिलावाला येते. हिवाळ्यात कुंभारगाव-डिकसळकडे रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. या गजबजलेल्या पेठेच्या एका टोकाला आबांचे दुकान आहे. पुढच्या बाजूला कळक, शिड्या, मासळीच्या पाट्या, सुतळी, दोरखंड. मागच्या बाजूला, पडद्याआड, पांढरे कापड, मडकी, गुलाल, बुक्का, धूप, कापूर आणि दोन तिरड्यांचे कळक कायम मापाने तोडून ठेवलेले.

माझी त्यांची ओळख टोमॅटोमुळे झाली. एका शेतकऱ्याला टोमॅटोच्या आधाराला कळक हवे होते. मी त्याला आबांचे दुकान दाखवले. तो दारातूनच मागे फिरला. "साहेब, मयतीच्या दुकानातला कळक रानात कसा लावू?" म्हणाला. मी त्याला समजावू लागलो, तर आबाच म्हणाले, "राहू द्या साहेब. त्याचं मन खातंय तर नको. बारामतीत मिळेल त्याला." एका गिऱ्हाइकाला आपण होऊन दुसऱ्या दुकानी पाठवणारा हा दुकानदार कोण, असे मला वाटले. तेव्हापासून येता-जाता मी तेथे थांबू लागलो.

पूर्वी गावात माणूस गेले की काय होत असे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मडके कुंभाराचे, तिरडीचा कळक बुरुडाचा, हजामत न्हाव्याची. परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन जायचे आणि सरणाची लाकडे वाहायची, हे काम मात्र महार वतनदारांवर लादलेले असे. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो, नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदला म्हणून बलुते आणि वतनाची तुटपुंजी जमीन. या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. झाले ते न्यायाचेच झाले. मरणाचे ओझे सगळ्या गावाचे असताना ते एकाच समाजाच्या डोक्यावर कशासाठी?

पण ओझे उतरले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते काम आता सगळ्या गावाने वाटून घ्यायला हवे होते. काही गावांनी घेतलेही. भावकीतली पोरे लाकडे आणतात, तरुण मंडळ भजनाची सोय करते. पण सामान आणायचे कोठून? आपल्या भागात त्यात आणखी एक अडचण आली. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, ते आपण पाहतोच. देवळे गेली तसे नदीकाठचे घाटही गेले. ज्या जागी बापजाद्यांना अग्नी दिला, त्या जागेवरून आज होड्या जातात. गावठाणे नवी बसली, पण मयतीची जागा, तिची वाट, तेथले छप्पर या गोष्टी पुष्कळ ठिकाणी सगळ्यात शेवटी झाल्या.

आबांचे घर असेच धरणात गेलेले. वडिलांची भीमाकाठची काळी जमीन होती. ती गेल्यावर कुटुंब भिगवणला आले आणि आबांनी कळकाचे दुकान टाकले. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. भर पावसात त्यांची चुलती गेली. रात्र होती. दुकानात कळक होता, पण कापड नाही, मडके नाही. पहाटे माणूस दौंडला पाठवला. तो येईपर्यंत सकाळचे ११ वाजले. तोपर्यंत लहान लेकरे उपाशी, बायका रडून थकलेल्या, पावसाने गळणाऱ्या घरात प्रेत तसेच. आबा म्हणतात, "त्या दिवशी ठरवलं. हे सामान माझ्या दुकानात कायम राहणार. विकलं जावो न जावो." घरच्यांनी विरोध केला. पत्नी महिनाभर बोलली नाही. पुढे त्याच माउलीने पांढरे कापड मापाने फाडून घड्या घालून ठेवायचे काम हाती घेतले. आजही त्याच करतात.

या धंद्याच्या काही रीती मला आबांकडे बसूनच कळल्या. कोणताही दुकानदार गिऱ्हाइकाला "या पुन्हा" म्हणतो. आबा कधी म्हणत नाहीत. सामान हातात देतात आणि नुसते उभे राहतात. घेणारा भाव विचारत नाही आणि घासाघीस करत नाही, म्हणूनच भाव जास्त लावायचा नाही, असा त्यांचा नियम. भिंतीवर किमतीची पाटी आहे. रात्री दोनला दार वाजले तरी तीच किंमत. नड असली तर उधार. उधारीची वही आहे, पण कोणाकडे मागायला गेल्याचे मी ऐकले नाही. "मयतीचं देणं कोणी बुडवत नाही साहेब. आणि बुडवलं तर त्याच्याकडं नसेलच, असं समजायचं."

त्यांना सगळ्या जातीधर्मांची रीत पाठ आहे. लिंगायत, गोसावी यांच्यात पुरतात. मुसलमान घरी कफनाचे कापड किती लागते, ख्रिस्ती घरी काय लागते, हेही त्यांना ठाऊक आहे. गुडघ्यात अधू असलेल्या म्हाताऱ्याला अग्नी द्यायचा असला तर थोरल्या मुलाला कोठे धरायचे, हे ते हलक्या आवाजात सांगतात. रेल्वेलगत किंवा पाण्यात सापडलेल्या बेवारस देहाला कापड लागले तर त्याचे पैसे वहीत लिहीत नाहीत. ओळख न पटलेला देह शक्यतो पुरतात, म्हणजे पुढेमागे नातेवाईक आलेच तर शोध घेता येतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि ६ माणसे गेली. देह हाती लागायला २३ तारीख उजाडली. ते दोन दिवस काठावरची माणसे कशी उभी होती हे आठवले, म्हणजे गेलेल्याचा देह मिळणे आणि त्याला नीट निरोप देता येणे ही केवढी गोष्ट आहे, ते कळते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती माझ्या खात्याशी संबंधित आहे आणि माझ्या चुकीशीही.

२००९ साली मी दुसऱ्या तालुक्यात होतो. तेथे एक तरणा शेतकरी विहिरीवरच्या मोटारीचा धक्का लागून गेला. मी त्याच्या मयतीला गेलो होतो. पोलिसांना कळवले नव्हते, पंचनामा नव्हता, शवविच्छेदन नव्हते. मला ते दिसत होते. शेतकरी अपघात विम्याचे त्या वेळी १ लाख रुपये मिळत, हेही ठाऊक होते. पण आईबाप हंबरडा फोडत असताना "थांबा, आधी पंचनामा करा" असे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. सरण पेटले. पुढे त्याची बायको कागद घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा अपघाताचा एकही पुरावा उरला नव्हता. तिला काही मिळाले नाही. ती गोष्ट मी एकदा आबांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, बोलले काही नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमाराला एक पोरगा त्यांच्या दुकानी आला. चुलता रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरायला गेला होता. पायाला पान लागले. दवाखान्याच्या वाटेवरच जीव गेला, म्हणून गाडी तशीच घरी फिरवली होती. आबांनी विचारले, "पोलीस पाटलाला सांगितलं का?" पोरगा म्हणाला, "कशाला? पान लागलंय, कोणी मारलंय का?" आबांनी सामान काढून गाडीत ठेवले आणि स्वतः गाडीत बसले.

त्या घरी पोचल्यावर त्यांनी वडीलधाऱ्यांना बाजूला घेतले. सापाने गेलेला माणूस हा अपघाती मृत्यू आहे, पोलिसांना कळवणे कायद्यानेच लागते, आणि शवविच्छेदन झाले नाही तर बाईच्या हाती काही पडणार नाही, असे सांगितले. घरातले लोक खवळले. "मेलेल्याची चिरफाड करायची? तुमचा धंदा सामान द्यायचा, ते द्या आणि जा," असेही कोणी बोलले. आबा गेले नाहीत. त्या बाईच्या सासूजवळ जाऊन खाली बसले आणि म्हणाले, "आई, लेक तर गेला. नातवंडांचं काय ते तुम्ही सांगा." म्हातारीने मान हलवली. पंचनामा झाला. आबा स्वतः सरकारी दवाखान्यात देहाबरोबर गेले, बाहेर बसून राहिले, आणि दुपारी स्वच्छ कापडात गुंडाळलेला देह घरी आणला. टाके कोणाच्या नजरेला पडू दिले नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळे पार पडले.

दुसऱ्या आठवड्यात मला निरोप आला. मी कागद गोळा करायला मदत केली. काही महिन्यांनी त्या बाईच्या खात्यावर २ लाख रुपये जमा झाले. गेलेला माणूस त्यातून परत येत नाही. पण थोरल्या मुलीची शाळा सुटली नाही आणि जमीन गहाण पडली नाही.

बंधूंनो, मी तीस वर्षे सभा घेतो आहे. योजनेची माहिती सांगतो, पत्रके वाटतो. पण ज्या घडीला ती माहिती हवी होती, त्या घडीला ती सांगायला मी तेथे नव्हतो. आबा होते. जी गोष्ट बोलायला माझी जीभ उचलली नव्हती, ती ते बोलले, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

आणखी एक गोष्ट ते बोलतात, तीही लोकांना आवडत नाही. दहाव्या-तेराव्याच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणाऱ्या पोरांना ते म्हणतात, "बाप रिनात जन्मला असेल, त्याला रिनात जेवायला घालू नका." आपल्याकडे मयतीच्या दिवशी सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात, त्या घरी चूल पेटू देत नाहीत. ही आपली चांगली रीत. मग त्याच सोयऱ्यांनी तेराव्याला त्याच घरून पंगतीची अपेक्षा का करावी? याचे उत्तर माझ्याकडे नाही, आपण आपल्या घरी विचार करावा.

आता माझी दुसरी चूक. ही सांगायला जड जाते.

२०१८ साली माझ्या मुलीचे लग्न झाले. भिगवणच्या पेठेतल्या दहा दुकानदारांना मी स्वतः पत्रिका दिली. आबांना दिली नाही. कोणी मला अडवले नव्हते. माझ्याच मनात आले, शुभकार्य आहे, कशाला उगीच. बी.एस्सी. ॲग्री झालेला, लोकांना अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगणारा माणूस मी. आबांनी कधी विषय काढला नाही. नंतर भेटले तेव्हा "लेक सुखात आहे ना?" एवढेच विचारले.

पुढच्याच वर्षी माझे वडील गेले. ८४ वर्षांचे होते, झोपेत गेले. रात्रीचे तीन वाजले असतील. मी भावाला आणि मोठ्या बहिणीला फोन केले आणि ओसरीवर सुन्न बसून राहिलो. साडेचारला अंगणात टेम्पोचा उजेड पडला. आबा उतरले. त्यांना कोणी कळवले ते मला अजून माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. कळक खाली उतरवले, कडबा मागितला आणि तिरडी बांधायला बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, तुम्ही वडिलांपाशी बसा. बाकीचं आम्ही बघतो. बसायला पुन्हा मिळायचं नाही." मी आत जाऊन वडिलांचा हात धरून उजाडेपर्यंत बसलो. त्या दोन तासांचे मोल मला कोणत्याही पैशात सांगता यायचे नाही.

लग्नाला बोलावणे लागते, मयतीला लागत नाही, असे आपण म्हणतो. जो न बोलावता आला त्याला मी बोलवायच्या वेळी टाळले होते.

वडिलांची रक्षा आम्ही पाण्यात सोडली नाही. उजनीचे पाणी आपण पितो, जनावरे पितात, मासळी त्यात वाढते. बांधावर केसर आंब्याचे रोप लावले. कोणाला असे करायचे असेल तर शेतीच्या दृष्टीने एक सांगून ठेवतो. राख खड्ड्यात मुळाशी ओतू नका. राखेत पालाश आणि हाडांमधला चुना-स्फुरद असतो, पण ती खारी असते आणि आपल्या जमिनी मुळातच चुनखडीच्या आहेत. शेणखत आणि माती यांत मिसळून आळ्याच्या कडेने पसरावी. आमचा आंबा चांगला जगला आहे. लाकडाचेही तसेच. एका सरणाला सुमारे ३०० किलो लाकूड लागते. नागपूरकडे शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचे दाबून केलेले ठोकळे, त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात, सरणासाठी वापरू लागले आहेत. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल, पण गावच्या स्मशानभूमीच्या कडेने चार झाडे लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

आबांच्या धाकट्या मुलाचे लग्न दोन ठिकाणी मोडले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. पाहुणे घर पाहून खूश व्हायचे आणि दुकान पाहून परत जायचे. "पोरगी द्यायची कुठं, तर मयतीच्या घरात?" आबा कधी तक्रार करत नाहीत, पण हे सांगताना ते सुतळीचा गुंडा उलगडत आणि परत गुंडाळत होते. तिसरे स्थळ पळसदेवकडचे आले. मुलीच्या आईनेच होकार दिला. तिचा नवरा करोनात, २०२१ साली गेला होता. त्या दिवसांत रक्ताची माणसेही जवळ येत नव्हती. पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाच्या कार्यकर्त्यांनी सगळ्या धर्मांच्या मृतांना निरोप दिला, गावोगावी अशीच कोणीतरी परकी माणसे उभी राहिली. या बाईच्या नवऱ्याला आबांनी आणि त्यांच्या मुलानेच अग्नी द्यायला मदत केली होती. ती पाहुण्यांना म्हणाली, "माझ्या घरचं माणूस ज्यांनी उचललं, त्यांच्या घरी माझी पोरगी सुखातच राहील."

त्या लग्नाला मी सहकुटुंब गेलो. आणि गेल्या वैशाखात माझ्या मुलाचे लग्न ठरले, तेव्हा भिगवणातली पहिली पत्रिका घेऊन मी आणि माझी पत्नी आबांच्या घरी गेलो. त्यांनी पत्रिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "येतो साहेब. पण मांडवात मागं बसेन." मी म्हणालो, "मागं नाही आबा, अक्षता टाकायला पुढं यायचं." ते आले. नवा फेटा बांधून आले. बायकोने विणलेली कळकाची परडी आहेरात आणली होती. आमच्या घरी तिच्यात आता भाकरी ठेवतात.

जाता जाता, आबांनी तुम्हाला सांगायला सांगितलेल्या चार गोष्टी लिहितो.

साप, वीज, पाणी, यंत्र, रस्ता, कशानेही शेतकरी कुटुंबातले माणूस अपघाताने गेले, तर देह हलवण्याआधी पोलीस पाटलाला कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाच्या व्यक्तीसाठी मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. महिन्याच्या आत तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा.

सातबाऱ्यावर वारसांची नोंद तीन महिन्यांच्या आत लावून घ्या. त्यात बहिणींची आणि आईची नावे गाळू नका.

आणि तेराव्याला कर्ज काढू नका.

पाचवी गोष्ट माझी. तुमच्याही बाजाराच्या गावी असे एक दुकान असेल, पेठेच्या टोकाला. तेथून जाताना मान वळवू नका. घटकाभर थांबा, राम राम घाला, दिला तर चहा घ्या. आणि घरात कार्य निघाले की एक पत्रिका तेथे द्या.